काळ्या सूर्याची तपासणी

४ जानेवारी

प्रिय ताई,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण महत्त्वाचं काही असलं की मी पत्रच लिहितो. विचार करणाऱ्या माणसांचा पत्रव्यवहार पुढेमागे कुणीतरी ग्रंथरूपाने काढतं आणि तेव्हा फोनचा काही उपयोग नसतो. मी माझ्या प्रत्येक पत्राची प्रत ठेवतो. तूही ठेवत जा, आणि जरा नीट अक्षरात लिहीत जा.

बाबांचं निर्जन दरीचं चित्र पुढच्या आठवड्यात तुमच्या संग्रहालयात पोहोचेल. आईने ते कायमचं देऊन टाकलं आहे. अर्ज मीच भरला होता, तिने फक्त सही केली. आयुष्यभर नकाशा कचेरीत नकाशे काढणाऱ्या माणसाने एकच चित्र रंगवावं आणि ते असं असावं, हे माझं पुस्तक येईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वीस मार्चला प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. बीजभाषण माझं.

चित्र सफाईसाठी तुझ्याच टेबलावर येणार असं कळलं, म्हणून ही सूचना. धूळ काढ, पण उजवीकडच्या आभाळातल्या काळ्या सूर्याला हात लावू नकोस. माझ्या प्रबंधाचा तो कणा आहे. बाबांनी पूर्ण झालेल्या आभाळावर हा काळोख नंतर फासला आहे, चित्रावर सहीसुद्धा केलेली नाही. एका गुदमरलेल्या संसाराचा आक्रोश आणि एका माणसाचं स्वतःला पुसून टाकणं. हे मी बारा पानांत सिद्ध केलं आहे. चित्राशेजारी जी पाटी कायमची लागणार आहे तिचा मजकूरही मीच दिला आहे.

आईला पुस्तक पाठवून दोन महिने झाले, तिने अजून एक शब्द लिहिला नाही. अर्पणपत्रिका तिलाच आहे. 'आईला, जिच्या अंधाराशिवाय बाबांना प्रकाश कळला नसता.' तिला ती पेलली नसावी.

तुझा भाऊ

ता. क. संग्रहालयातल्या लोकांसमोर मला टिल्लू म्हणू नकोस. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.


११ जानेवारी

प्रिय टिल्लू,

इथे संग्रहालयातलं कुणी नाही, तेव्हा म्हणून घेते.

चित्र आलं. पेटी उघडली आणि आपल्या पुढच्या पडवीचा वास आला. तीस-चाळीस वर्षं ते चपलांच्या मांडणीवर टांगलेलं होतं, तिथली सगळी धूळ त्याने प्रामाणिकपणे जमा केली आहे. सध्या माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर उताणं पडलं आहे. मी दिवसाला तळहाताएवढा तुकडा साफ करते. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, फिरवायचा, काळा झाला की टाकून द्यायचा. यात आक्रोश वगैरे अजून लागलेला नाही. लागला की कळवीन.

तुझं पुस्तक मी बसमध्ये वाचत होते. समोर वाळकं झाड आहे, ते बाबांचं विझलेलं पौरुष आहे, इथपर्यंत आले आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. बाबांना झाडाची पानं काढता येत नव्हती रे. माझ्या वहीत त्यांनी एकदा वडाचं झाड काढून दिलं होतं, तेही वाळकंच होतं आणि बाईंनी मला परत काढायला लावलं होतं. ती नदी चढावर वाहते, तिला तू काळाविरुद्धचं बंड म्हटलंस. बरं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण परवा आईकडे गेले होते. तिने वाचनालयात जाणं बंद केलं आहे. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई तिचा हात धरून म्हणाल्या म्हणे, 'तुम्ही दोघांनी काय काय सोसलंत हो.' त्यांनी तुझं पुस्तक वाचलं नाही, वर्तमानपत्रात त्यावर आलेलं वाचलं. आई दुपारभर माझ्यासमोर भाजी निवडत बसली होती. निवडून झाल्यावर खाली मान घालून तिने विचारलं, "मी खरंच तशी वागले का गं त्यांच्याशी?"

मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. तुला बारा पानं सुचली.

तिने सगळं पुस्तक भिंग घेऊन वाचलं आहे. काळा सूर्य म्हणजे काय ते तिला कळलं नाही, एवढंच कळलं की बाबा तिच्यासोबत सुखी नव्हते आणि हे तिच्या मुलाला माहीत आहे.

ताई


१८ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. कलाकृतीचा अर्थ आणि घरातल्या माणसांच्या भावना यांत तू गल्लत करते आहेस. टीकाकाराला नातं नसतं. समोर दरी आहे, तुटलेले कडे आहेत, माणसाचा मागमूस नाही, आणि या सगळ्यावर काळा सूर्य. सुखी माणूस असं आभाळ रंगवील का, एवढंच मी विचारतो.

आईच्या प्रश्नाबद्दल म्हणशील तर माझ्या दृष्टीने ती मूक संमती आहे. जिला काही आठवत नाही ती असं विचारत नाही. तू शास्त्र शिकलीस, मी मन वाचायला शिकलो.

दुसरी आवृत्ती निघते आहे. मुखपृष्ठावर फक्त काळा सूर्य. तुमच्या संचालकांनाही ही कल्पना पसंत पडली, ते तोच भाग मोठा करून रस्त्यावर लावणार आहेत.

पाटीवरचा मजकूर कायम: 'चित्रकाराच्या वैवाहिक जीवनातील अंधाराचे प्रतीक.' इतक्या कमी शब्दांत एवढं कुणी सांगितलं नसेल.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

खाली बसून वाच.

मी तुझ्या सूर्याला हात लावणार नव्हते. मला तो आवडत नाही, पण काढायचा अधिकार मला नाही. फक्त कडेची धूळ काढत होते. कापूस जरा जास्त भिजला, सूर्याच्या कडेला लागला आणि काळा रंग कापसावर उतरला. तेलरंग चाळीस वर्षांनी असा उतरत नाही, तो दगड झालेला असतो. मी कापूस नाकाशी नेला. या वासासाठी शास्त्र शिकावं लागत नाही, घरात रोज बूट घालून कामाला जाणारा माणूस असला की पुरतं.

बुटांचं पॉलिश आहे.

माझा विश्वास बसेना म्हणून तीळभर नमुना प्रयोगशाळेत पाठवला. मेण आणि काजळी, असा कागद आला आहे. कागद सोबत जोडते, तुला प्रती जमवायची हौस आहे.

मग दिवा तिरपा करून भिंगाखाली पाहिलं. तू लिहितोस, 'कुंचल्याचे चार हताश फटकारे'. ते फटकारे कुंचल्याचे नाहीत. बोटांचे आहेत. चार बोटं, एका दमात ओढलेली. आणि टिल्लू, ती बोटं बाबांची नाहीत. मी माझं करंगळीचं पेर शेजारी धरून पाहिलं. माझी करंगळी त्यापुढे खांबासारखी दिसते.

त्या घरात एवढीशी बोटं दोघांचीच होती. बाबांनी चित्र काढलं ते वर्ष आणि पुढची दोन-तीन वर्षं मी आत्याकडे होते, तिथल्या शाळेत.

आईला अजून सांगितलेलं नाही. म्हटलं आधी तुला कळवावं.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितो आहे. या पत्राची प्रत ठेवलेली नाही.

पॉलिश असेल तर असेल. बाबांनी पॉलिश हेच माध्यम म्हणून निवडलं असणार. रोज पायात घालायच्या वस्तूचा काळेपणा आभाळाला लावणं, यातलं बंड तुझ्या लक्षात येतंय का? माझी मांडणी उलट अधिक भक्कम होते. बोटांचं म्हणशील तर चाळीस वर्षांत पॉलिश आकसत असेल. तुला सगळंच माहीत असतं असं नाही.

मात्र आईला काही विचारू नकोस. तिची स्मृती आता विश्वासार्ह राहिलेली नाही. आणि डाग काढू नकोस, काढलास तर मी तीनशे लोकांसमोर काय दाखवून बोलू? छापायला दिलेलं आहे, ताई. कुलगुरू येणार आहेत. एवढं माझं ऐक.

टिल्लू


२१ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तू सहीत टिल्लू लिहिलंस. मी हे पत्र जपून ठेवणार आहे. प्रत नाही, मूळच.

तुझं ऐकणार होते. आठ दिवस ऐकलंही. मग संचालकांची जाहिरात लागली. तुझा काळा सूर्य तीन मजले उंच, आईच्या बसथांब्यासमोर. त्याखाली 'एका संसाराचा अंधार'. आई भाजी घेऊन उतरली, वर पाहिलं आणि मला फोन केला. घाबरली असेल असं वाटून मी कामातून उठूनच गेले. ती थांब्यावरच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती आणि वर बघत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "अगं, हे टिल्लूचं पॉलिश इतकं मोठं करून का लावलंय?"

मी तिथेच बाकावर बसले. विचारलं, तुझ्या पुस्तकातला काळा सूर्य म्हणजे हाच, हे तिला ठाऊक नव्हतं का? नव्हतं. पुस्तकातलं चित्र काड्यापेटीएवढं, तिची नजर तशी, आणि मजकुरात 'अस्तित्वाचा कृष्णबिंदू' वगैरे. तिला वाटलं ही काहीतरी आतली गोष्ट आहे, तिला न दिसणारी. घरी तो डाग तिच्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं होता, पण तिच्या लेखी तो टिल्लूचा डाग होता. तिने हे दोन्ही कधी जोडलंच नाही. जोडलं तेव्हा मात्र ती इतकी हसली की थांब्यावरची माणसं बस सोडून आमच्याकडे बघायला लागली. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती. मग हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, एवढ्यासाठी मी तीन महिने झोपले नाही.

गोष्ट अशी. चित्र पुरं झालं होतं, वाळायला म्हणून चपलांच्या मांडणीला टेकवून ठेवलं होतं. रविवार होता, बाबांनी बूट पॉलिश करून डबी उघडीच ठेवली. तू साडेतीन वर्षांचा. पुढचं तुझ्या पुस्तकात पान चव्वेचाळीसवर आहे, फक्त कर्त्याचं नाव चुकलं आहे.

दुसऱ्या दिवशी आईला संग्रहालयात माझ्या कामाच्या खोलीत घेऊन आले. खरा डाग तिने बोटाने न शिवता बघितला. मग ती म्हणाली, चौकट काढून बघ. का ते सांगेना. चौकटीच्या खाली दोन बोटं कॅनव्हास झाकलेला होता. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात असते तशी बाबांची मुंगीएवढ्या अक्षरातली नोंद. कचेरीत प्रत्येक नकाशावर कुणी मोजलं, कुणी काढलं, कुणी तपासलं ते लिहायचीच पद्धत होती. जशीच्या तशी उतरवते:

'मोजणी: मी. रेखन व रंग: मी. तपासणी: ही. (नदी नापास.) आभाळाची दुरुस्ती: टिल्लू, वय साडेतीन.'

स्वतःला पुसून टाकलेल्या माणसाने सही जरा सविस्तरच केली आहे.

तपासणीचं मी विचारलं. आई म्हणाली, रोज संध्याकाळी चहा घेऊन ते तिला चित्रासमोर उभं करायचे आणि चुका काढायला सांगायचे. नदी चढावर वाहते हे तिनेच पहिल्यांदा सांगितलं. ते म्हणाले, उद्या बघू. त्यांचं सगळंच उद्या बघू असायचं. हा तुझा गुदमरलेला संसार.

आता राहिली पाटी. ती कायमची लागणार आहे, शाळेची मुलं ती वहीत उतरवून घेणार आहेत. आई म्हणते डाग ठेव, पाटी नको. मी संचालकांना प्रयोगशाळेचा कागद दाखवला. ते पांढरे पडले आणि म्हणाले, हे तुमच्या भावाने स्वतः जाहीर केलं तर बरं दिसेल. मीही तेच म्हणते. वीस तारखेला तीनशे लोकांसमोर उभा राहा आणि सांग. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आई पहिल्या रांगेत असेल.

ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला. मी चिंतनात होतो.

नवीन पुराव्याचं मी खुल्या मनाने स्वागत करतो. खरं सांगायचं तर त्याने माझ्या सिद्धांताला एक वेगळीच उंची मिळते. घरातला ताण लहान मुलाला सगळ्यात आधी कळतो. त्या बालकाने मोठ्यांना जे बोलता येत नव्हतं ते बोटांनी आभाळावर लिहिलं. म्हणजे काळा सूर्य खराच आहे, फक्त चित्रकार मी आहे. हे जरा नम्रतेनेच मांडावं लागेल. दुसऱ्या आवृत्तीत मी 'बालप्रतिभेचा कृष्णबिंदू' असं प्रकरण घालतो आहे. पाटीत 'चित्रकाराच्या' ऐवजी 'कुटुंबाच्या' केलं की काम भागेल.

अर्पणपत्रिका तशीच ठेवावी म्हणतो.

तुझा भाऊ


१८ मार्च

ताई,

ताप आला आहे. डॉक्टरांनी प्रवास करू नका असं सांगितलं आहे. संचालकांना तसं कळव. भाषण कुणीतरी वाचून दाखवावं, सोबत पाठवतो.

टिल्लू


२३ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद,

ताप उतरला असेल. परीक्षेच्या दिवशी यायचा तोच ताप आहे, तो वीस तारीख उलटली की उतरतो, हे मला आईपणामुळे माहीत आहे.

ताईने तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली. तिच्यावर रागावू नकोस, पुढेमागे छापायचीच आहेत असं तूच लिहिलं आहेस.

तुझं भाषण वाचून दाखवायला कुणी तयार होईना. संचालकांना दरदरून घाम फुटला होता. शेवटी मीच उठले. आयुष्यात पहिल्यांदा माइकपुढे बोलले. म्हटलं, हे झाड वाळकं आहे कारण यांना पानं येत नसत. ही नदी चढते आहे कारण माझं ऐकलं नाही. आणि हा काळा सूर्य माझ्या मुलाने काढला आहे, तो आज तापाने येऊ शकला नाही. लोक खूप हसले. तुझ्यावर नाही हसले, मी हसू दिलं नाही. कुलगुरूंच्या मुलीने लहानपणी त्यांच्याच पदवीच्या कागदावर काय केलं होतं ते त्यांनी मला सांगितलं. पाटीवर आता बाबांनी लिहिलं होतं तेच आहे, शब्दाला शब्द.

एक गोष्ट मी ताईलाही सांगितली नव्हती. ती तुलाच सांगायची होती.

तू सहा वर्षांचा असताना तुझे मामा आले होते. त्यांनी सहज म्हणून तुला ती पॉलिशची गोष्ट सांगितली. तू आत जाऊन पलंगाखाली शिरलास आणि दोन तास रडलास, बाबांचं चित्र आपण बिघडवलं म्हणून. बाहेरच येईनास. शेवटी हे पालथे पडून पलंगाखाली गेले आणि तुला म्हणाले, तुझ्या मामाला काही कळत नाही, ते मीच काढलं आहे. तुझा विश्वास बसला. त्याच आठवड्यात त्यांनी चित्राला चौकट करून आणली, खालची दोन बोटं झाकणारी. तू नुकताच वाचायला शिकत होतास. ती ओळ तू कधी वाचू नयेस म्हणून. नंतर घरात त्या डागाचा विषय कुणी काढायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. ते गेल्यावरही मी पाळलं, त्या बसथांब्यापर्यंत.

तेव्हा तुझं एक बरोबर आहे. त्यांनी स्वतःची सही झाकली ती घरातल्या एका माणसामुळेच. तो माणूस मी नव्हते.

तुला हे वाचून रडू येईल. येऊ दे. आता पलंगाखाली जाऊ नकोस, तुझी पाठ दुखेल.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढू नको असं मी म्हणणार नाही, तुझ्या कष्टाचं आहे. पण अर्पणपत्रिका काढून टाक आणि शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात बाबांच्या पद्धतीने लिही. लेखन: टिल्लू. तपासणी: आई. कागद छापखान्यात जाण्याआधी माझ्याकडे आले पाहिजेत. मी भिंग पुसून ठेवलं आहे, आणि मी नापास करते हे तुला आता माहीत आहे.

पडवीतली भिंत रिकामी दिसते. येताना काहीतरी घेऊन ये.

तुझी आई